बाई, खिडकी लावू का?

मुलांनो, तुमच्या वर्गात खिडकीवरून भांडणं होतात का? आमच्या वर्गात होतात. डिसेंबर-जानेवारीत, शनिवारच्या सकाळच्या शाळेला तर हमखास!

आमची शाळा निफाडच्या बाजूची. निफाडची थंडी तुम्ही पेपरात वाचली असेलच. एखाद्या पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत खाली येतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. अशाच एका शनिवारी प्रार्थना संपवून मुलं वर्गात आली. एक जण ओरडला, "बाई, खिडकी लावू का? लई गार वारं येतंय." लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला, "नको बाई, अंधार होतो. आन् कुठाय थंडी?"

मी म्हटलं, मत घेऊ. हात वर झाले. १९ विरुद्ध १२! खिडकी उघडीच राहिली. मलाही ते बरंच वाटलं, कारण मला काही थंडी वाजत नव्हती.

पण एका मुलाने विज्ञानाच्या पेटीतला तापमापक काढला आणि विचारलं, "बाई, हा १४ अंश दाखवतोय. १४ अंश म्हणजे थंडी की नाही?"

प्रश्न साधा, पण मला चटकन उत्तर देता येईना. आम्ही खिडकीपाशी मोजलं, १३ अंश. शेवटच्या बाकाशी मोजलं, १४ अंश. म्हणजे सगळ्यांची हवा जवळपास सारखीच. मग १२ जण कुडकुडताहेत आणि १९ जण मजेत, हे कसं?

आधी एक गंमत करा

तीन भांडी घ्या. एकात गार पाणी, एकात सोसेल इतकं गरम पाणी आणि मधल्या भांड्यात कोमट. एक हात गार पाण्यात, दुसरा गरम पाण्यात मिनिटभर ठेवा. आता दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घाला. गारातून आलेला हात म्हणेल, "किती गरम!" गरमातून आलेला म्हणेल, "छे, हे तर गार!" पाणी एकच, हातही तुमचेच, तरी साक्षी दोन!

दुसरी गंमत तर पाण्याशिवाय होते. सकाळी दप्तरातला स्टीलचा डबा आणि लाकडी बाक यांना हात लावा. डबा जास्त गार लागतो ना? खरं तर रात्रभर एकाच खोलीत राहिलेला डबा आणि बाक यांचं तापमान सारखंच असतं. पण स्टील आपल्या हातातली उष्णता भराभर ओढून घेतं, लाकूड हळूहळू घेतं. म्हणजे आपली कातडी तापमापकासारखी अंश मोजत नाही. आपली उष्णता किती वेगाने चालली आहे, याचा अंदाज ती घेते.

आपलं शरीर ही एक छोटी भट्टीच आहे. आतलं तापमान साधारण ३७ अंश. मोठा माणूस नुसता बसलेला असला तरी त्याच्या अंगातून सुमारे १०० वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडत असते. चालू लागला की ती दुप्पट-तिप्पट होते. आता आमच्या वर्गाचं कोडं सुटलं! खिडकी उघडी ठेवा म्हणणारे बरेच जण मैदानावर कबड्डी खेळून आले होते. लावा म्हणणारे बहुतेक खिडकीच्या बाजूचे. त्यांना वारा लागत होता, शिवाय बाजूच्या गार भिंतीकडे त्यांच्या अंगातली उष्णता जात होती. आणि बाई? बाई तर बाकांमधून सारख्या फिरत होत्या. त्यांना कशाला थंडी वाजेल?

पाच जण तरी नाराजच!

डेन्मार्कमध्ये पी. ओले फँगर नावाचे शास्त्रज्ञ होते. खोलीत माणसाला सुखाचं कधी वाटतं, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. त्यासाठी हजाराहून जास्त विद्यार्थ्यांना खास खोल्यांत बसवून झालेले प्रयोग त्यांच्या हाताशी होते. १९७० साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी सांगितलं, की सुख सहा गोष्टींवर ठरतं : हवेचं तापमान, भिंतींचं तापमान, वाऱ्याचा वेग, हवेतला ओलावा, अंगावरचे कपडे आणि आपण काय काम करतो आहोत ते. या सगळ्या गोष्टी अगदी उत्तम जमवल्या, तरीही शंभरातले पाच जण नाराजच राहतात! सगळ्यांना आवडेल असा एक आकडा जगात नाहीच.

आपल्याकडे घर तापवायची सोय क्वचितच असते. पण थंड देशांत ती घरोघरी असते, म्हणून तिथे आमच्या खिडकीसारखंच भांडण बटणावरून होतं. माझी मावसबहीण जर्मनीत राहते. तिच्या घरात प्रत्येक खिडकीखाली रेडिएटर आहे. त्यात गरम पाणी फिरतं. खिडकीखालीच का? कारण खोलीत सगळ्यात गार जागा तीच! त्याच्या टोकाला एक गोल बटण असतं, त्यावर १ ते ५ आकडे. ३ वर ठेवलं तर खोली साधारण २० अंशांवर राहते. पुढच्या प्रत्येक आकड्याला सुमारे ४ अंश वाढतात.

एका हिवाळ्यात तिच्या सासूबाई नाशिकहून तिकडे गेल्या. त्या येता-जाता बटण ४ वर न्यायच्या, त्यांचा मुलगा गुपचूप ३ वर आणायचा.

"आई, स्वेटर घाल ना."

"घरातसुद्धा स्वेटर घालायचा, तर मग घर तापवायचं कशाला रे?"

दोघांचंही खरं होतं! एक अंश कमी केला तर तापवण्याचं इंधन साधारण ६ टक्के वाचतं, असा तिथला ढोबळ हिशेब आहे. पण वय वाढलं की अंगातली भट्टी मंदावते, हेही तितकंच खरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलं, की थंड प्रदेशात घर निदान १८ अंश तरी उबदार हवं. म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि लहान मुलं यांना त्याहून जास्त लागू शकतं. शेवटी त्या घरात तह झाला. आजींच्या खोलीत ४, दार लावून. बाकी घरात ३ आणि सगळ्यांच्या पायांत लोकरीचे मोजे!

कधी कधी हे भांडण देशापर्यंत पोचतं. १९७७ साली अमेरिकेत इंधनाची टंचाई होती. तेव्हा अध्यक्ष जिमी कार्टर लोकरीचा स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि म्हणाले, घर दिवसा ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८ अंश सेल्सिअसवर ठेवा, रात्री त्याहून कमी. २०२२ साली गॅसची टंचाई झाली तेव्हा जर्मनीने काही महिने सरकारी कचेऱ्यांना १९ अंशांची मर्यादा घातली.

शेकोटीचं शहाणपण

या सगळ्यात मला आपली शेकोटी फार हुशार वाटते. तिला बटण नसतं, तरी कुणी भांडत नाही. आजोबा अगदी जवळ बसतात, आई जरा मागे, आणि मुलं? घटकेत पुढे, घटकेत मागे! प्रत्येक जण आपलं अंतर आपणच ठरवतो. काश्मीरमध्ये तर लोक मातीच्या भांड्यात निखारे घालून, वेताच्या टोपलीत बसवलेली कांगडी फेरनच्या आत घेऊन फिरतात. ज्याची त्याची ऊब ज्याच्या त्याच्यापाशी.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं बंद खोलीत घेऊन कधीही झोपायचं नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतसुद्धा नाही आणि जीव जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. घरात कुणी असं करत असेल, तर लहान असलात तरी हट्टाने सांगा.

आता पुन्हा आमच्या वर्गात येऊ. त्या दिवशी मत घेतलं तेव्हा खिडकीजवळच्या एका मुलीने "उघडी ठेवा" म्हणून हात वर केला होता. मला नवल वाटलं. मधल्या सुट्टीत मी तिचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार! दंडावर काटा उभा राहिलेला.

"अगं, तुला थंडी वाजतेय की!"

"नाही बाई, मला नाही वाजत."

हळूहळू कळलं, घरात स्वेटर एकच होता आणि सकाळी तो धाकट्या भावाच्या अंगात गेला होता. थंडी वाजते म्हटलं, तर स्वेटर का नाही घातला, असं कुणी विचारेल. म्हणून ती म्हणत होती, नाही वाजत.

मुलांनो, त्या दिवशी मी चुकले होते. मी हात मोजले होते, माणसं नाही. आणि थंडी आहे की नाही हे माझ्या अंगावरून ठरवलं होतं.

पुढच्या शनिवारपासून आम्ही पहिला तास पटांगणात घेऊ लागलो. एका बाजूला ऊन, एका बाजूला कडुनिंबाची सावली. कुणी कुठे बसायचं, हे ज्याने त्याने ठरवायचं. कारण विचारायचं नाही. पाढे उन्हातही तेच आणि सावलीतही तेच! ती मुलगी पहिल्याच दिवशी भर उन्हात जाऊन बसली.

तुमच्याकडे कुणी "गार वाटतंय" म्हणालं, तर "एवढी कुठली थंडी!" असं म्हणू नका. तापमापक हवेचे अंश सांगतो. माणसाची थंडी त्यालाच विचारावी लागते. आणि तो "नाही" म्हणाला, तरी एकदा हात हातात घेऊन बघावा.