स्मृतीचे पत्ते आणि त्यांची रुंदी

टपालाची सहा अंकी पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. मैसूरच्या मंडी मोहल्ल्यात जाणाऱ्या पत्रावरील पिन ५७० ने सुरू होतो. पहिले तीन अंक टपालाचा वर्गीकरण जिल्हा दर्शवितात, तर शेवटचे तीन त्या जिल्ह्यातील टपाल कार्यालय. डावीकडचे अंक पुसले गेले, तर उरलेले तीन अंक इतर अनेक जिल्ह्यांतील कार्यालयांनाही लागू पडतात. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहिताना नेमका हाच धोका असतो. तेथे मात्र चूक लक्षात आणून देणारा पोस्टमन नसतो.

स्मृतीतील प्रत्येक बाइटला क्रमांक असतो. तोच त्याचा पत्ता. ३२ बिटांच्या पत्त्याने ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजेच ४ गिगाबाइट, निर्देशित करता येतात. इंटेलच्या १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरला ही मर्यादा पुरेशी होती. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये ‘फिजिकल ॲड्रेस एक्स्टेंशन’ ही सोय आली आणि प्रत्यक्ष स्मृतीचा पत्ता ३६ बिटांचा, म्हणजे ६४ गिगाबाइटपर्यंत पोहोचणारा झाला. प्रोग्रामला दिसणारा आभासी पत्ता मात्र ३२ बिटांचाच राहिला. एकाच यंत्रात दोन रुंदींचे पत्ते नांदू लागले, आणि खरी अडचण येथेच सुरू होते.

कर्नेल स्मृतीची विभागणी सामान्यतः ४,०९६ बाइटांच्या चौकटींत करतो. चौकटीचा क्रमांक ४,०९६ ने गुणला की तिचा प्रत्यक्ष पत्ता मिळतो. चौकट क्रमांक १०,४८,५७७ घ्या. गुणाकार ४,२९,४९,७१,३९२ येतो. हा क्रमांक ३२ बिटांत सहज मावतो; गुणाकार मावत नाही. वरचा बिट गळून पडतो आणि उत्तर उरते ४,०९६! तो पत्ता चौकट क्रमांक १ चा आहे. तेथे दुसऱ्याच कोणाची माहिती असेल, तर ती निमूटपणे पुसली जाते. उत्तर नंतर रुंद चलात ठेवल्याने काहीही साधत नाही, कारण हानी गुणाकारातच झालेली असते. क्रमांक गुणण्यापूर्वीच रुंद करावा लागतो. कमी स्मृतीच्या यंत्रावर चाचणी घेतल्यास हा दोष दिसतही नाही, म्हणून तो अधिक घातक.

यासाठी लिनक्स कर्नेलमध्ये प्रत्यक्ष पत्त्याकरिता स्वतंत्र प्रकार वापरला जातो. त्याची रुंदी यंत्रानुसार ठरते. सी भाषेतील ‘लाँग’वर विसंबणे धोक्याचे आहे. ६४ बिट लिनक्समध्ये तो ६४ बिटांचा असतो, तर ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिटांचाच. परीक्षार्थींनी हा फरक ध्यानात ठेवावा.

‘६४ बिट’ या शब्दानेही फसू नये. एएमडीच्या २००३ च्या ऑप्टेरॉनमध्ये आभासी पत्त्याचे ४८ बिटच उपयोगात होते. म्हणजे २५६ टेराबाइट. वरचे १६ बिट ‘रिकामे’ समजून काही प्रोग्रामरांनी त्यांत स्वतःच्या खुणा साठविल्या. पुढे ५७ बिटांची पाच स्तरांची रचना आली आणि २०१७ मध्ये लिनक्स ४.१४ ने ती स्वीकारली. आता त्या जागेतील काही बिट पत्त्याचेच झाले! म्हणूनच लिनक्स ४७ बिटांपलीकडचे पत्ते प्रोग्रामने स्वतः मागितल्याखेरीज देत नाही.

हा विषय केवळ परदेशी यंत्रांचा नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘वेगा’ मालिका आणि आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ हे स्वदेशी प्रोसेसर रिस्क-फाइव या खुल्या रचनेवर आधारलेले आहेत. या रचनेच्या ३२ बिट आवृत्तीतील ‘एसव्ही-३२’ पद्धतीत आभासी पत्ता ३२ बिटांचा, पण प्रत्यक्ष पत्ता ३४ बिटांचा, म्हणजे १६ गिगाबाइटपर्यंतचा असू शकतो. ती पद्धत वापरणाऱ्या यंत्रासाठी कर्नेल लिहिणाऱ्यालाही वरील गुणाकार तितक्याच काळजीने करावा लागेल.