डोंगराची खूण आणि गांवची बैठक

महाड व पोलादपूर तालुक्यांत दरड कोसळण्यापूर्वीं डोंगर बहुधा खूण देतो. उतारास भेगा पडतात, झऱ्याचें पाणी गढूळ होतें, झाडें कलतात. ही खूण प्रथम गांवालाच दिसते.

२००५ च्या जुलैंत जुई, दासगांव येथें दरडी कोसळल्या. त्याच वर्षीं आपत्ति-व्यवस्थापनाचा कायदा झाला. आराखडा जिल्ह्याच्या कचेरींत होऊं लागला आणि गांवची बैठक मागें पडली. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये येथील वाडी व पोलादपुरांत केवनाळे येथील घरें दरडीखालीं गेलीं. पुरानें रस्ते अडले होते. तळिये येथें बचावपथक दुसऱ्या दिवशीं पोंचलें. तोंवर गांवाला गांवाचाच आधार.

शिमग्याची पालखी कोणत्या वाटेनें न्यावयाची हें गांवकी ठरविते. मुसळधार पावसांत वृद्धांस कोणीं व कोणत्या वाटेनें न्यावयाचें, हेंहि तिनेंच मृगापूर्वीं ठरविलें पाहिजे.