दार उघडेना, काच उतरेना

बीड जिल्ह्यात घरातील ज्येष्ठांना मोटारीने दूर न्यायचे प्रसंग बहुधा दोनच असतात : दवाखाना आणि देवदर्शन. केज-धारूरकडची मंडळी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात येतात, गेवराई-माजलगावची छत्रपती संभाजीनगर गाठतात; परळीचा वैजनाथ आणि अंबाजोगाईची योगेश्वरी तर आहेतच. निघताना आपण औषधांची पिशवी, पाण्याची बाटली, जुने रिपोर्ट आठवणीने घेतो. मागचे दार आतून उघडते की नाही, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

या प्रश्नाचे मूळ पुष्कळदा बिघाडात नसतेच. मागच्या दोन्ही दारांच्या कडेला, खटक्याजवळ, एक लहानसा खिट्टा असतो. त्याला चाइल्ड लॉक म्हणतात. तो लावला की दार बाहेरून उघडते, आतून नाही. सुट्टीत नातवंडे आली की तो लावला जातो आणि ती परत गेल्यावर तसाच राहतो. मग मागे बसतात आजी. चालकाच्या दारावर काचा बंद ठेवण्याचेही एक बटण असते. ते दाबलेले असेल तर मागच्या माणसाला स्वतःची काचही उतरवता येत नाही. आजींना वाटते, आपल्याच हातात जोर उरला नाही. संकोचाने त्या बोलतही नाहीत.

संकोच महागात पडतो तो उन्हाळ्यात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या पुढे जातो. ‘औषध घेऊन दोन मिनिटांत येतो’ म्हणून मुलगा किल्ली काढून उतरतो. एसी बंद होतो आणि बहुतेक गाड्यांत विजेवर चालणाऱ्या काचाही निकामी होतात. २००५ मध्ये ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचे तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलेले आढळले, आणि यातली सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नव्हता. आपण ज्या सवलतीवर निर्धास्त राहतो, ती अशी फसवी आहे. उतारवयात तहान कमी लागते, घाम कमी येतो. त्यातच लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी किंवा कंपवाताची काही औषधे चालू असतील, तर शरीर उष्णतेपुढे लवकर हार मानते. (म्हणून औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत, एवढेच की, अशा व्यक्तीस बंद गाडीत एकटे बसवू नये.)

कोणी अडकलेच, तर आतल्या माणसाने आधी पुढच्या आसनाकडे सरकण्याचा प्रयत्न करावा. पुढच्या दारांना चाइल्ड लॉक नसते. तेही जमत नसेल तर हात लांबवून हॉर्न वाजवीत राहावा. बऱ्याच गाड्यांत तो किल्लीवाचूनही वाजतो. बाहेर असलेल्यांनी सर्व दारांची कडी ओढून पाहावी. रिमोट चालत नसेल तर त्याच्या पोटातच एक लहान धातूची किल्ली दडवलेली असते; ती चालकाच्या दाराला लागते. आतील व्यक्ती गोंधळल्यासारखी बोलत असेल, उत्तर देत नसेल किंवा ग्लानीत असेल, तर मिस्त्रीची वाट पाहू नये. तिच्यापासून सर्वांत दूरची बाजूची काच निवडावी, हात व चेहरा कापडाने झाकून टोकदार जड वस्तूने काचेच्या कोपऱ्यावर मारावे. पुढची मोठी काच दुपदरी असते, ती अशी फुटत नाही. बाहेर काढताच सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, काखेत व जांघेत गार ओली फडकी ठेवावीत. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये.

आता खऱ्या बिघाडाकडे वळू. दार अडकले असता नुसती कडी ओढत राहिल्याने ती तुटते, आणि मग खर्च दुप्पट होतो. एकाने दारावर बाहेरून कमरेने किंवा तळहाताने आतल्या दिशेने दाब द्यावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने कडी ओढावी. खटक्यावरचा ताण कमी होऊन दार बहुधा सुटते. उलट प्रकारही होतो : दार उघडे असताना खटका आपणच मिटून बसतो, आणि मग दार लावले तरी आदळून परत येते. अशा वेळी कडी ओढून धरून पेचकसाने खटक्याची जीभ मोकळी करावी. दार जोराने आपटू नये. गंज सोडवणारा स्प्रे आधी, नंतर थोडे पांढरे ग्रीस, एवढे पुरते. खाण्याचे तेल मात्र घालू नये, कारण आपल्या काळ्या रानातली धूळ त्याला चिकटून घट्ट थर बनते. किल्लीच्या भोकात तर तेल नकोच. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड चिमूटभर पुरते. रिमोटमुळे हे भोक वर्षानुवर्षे वापरात नसते, म्हणून महिन्यातून एकदा किल्लीने दार उघडून पाहावे.

काच मध्येच थांबली तर आधी बटण सोडून द्यावे. सतत दाबल्याने मोटर तापते व स्वतःच बंद पडते. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चालते. चारही काचा बंद असतील तर फ्यूज किंवा बॅटरी तपासावी. एकच अडली असेल आणि आतून मोटरचा आवाज येत असेल, तर दोरी किंवा रेग्युलेटर निसटला आहे, असे समजावे. तात्पुरती सोय म्हणून काच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून वर सरकवावी, दुसऱ्याने बटण दाबावे. बोटे मात्र कडेवर ठेवू नयेत. बोटे अडकल्यास आपोआप थांबणारी काच पुष्कळ गाड्यांत फक्त चालकापुरतीच असते. पुढचे काम ऑटो इलेक्ट्रिशियनचे. दाराचा पत्रा उघडून आपण हौस भागवू नये.

बहुतेक अडचणी धुळीच्याच असतात. काच ज्या रबरी खाचेतून वर-खाली होते, तीत माती व कापसाचे तंतू साचतात. पातळ पट्टीला ओले फडके गुंडाळून खाच पुसावी, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारावा. साध्या तेलाने रबर फुगते. दाराच्या बुडाशी पाणी निथळण्याची भोके असतात. ती पावसाळ्यापूर्वी काडीने मोकळी करावीत, नाहीतर पाणी आत साठून कुलूप गंजते.

पक्षाघाताच्या रुग्णाला कुठे बसवायचे, हा प्रश्न येथेच येतो. रस्त्याच्या कडेला उतरायचे म्हणून आपण त्याला डाव्या दाराशी बसवतो. उजवी बाजू अधू असेल तर हे ठीकच. सशक्त डावा हात कडीजवळ राहतो. डावी बाजू अधू असेल तर ती कडी त्याच्या हाताला लागतच नाही, आणि उजव्या दाराने उतरवावे तर रहदारी. अशा रुग्णाला डावीकडेच बसवून दार बाहेरून उघडण्याची जबाबदारी एकाच माणसाने घ्यावी आणि तो माणूस गाडीपासून दूर जाणार असेल तेव्हा रुग्णालाही खाली उतरवून सावलीत बसवावे. संधिवाताने बोटे वळत नसतील तर आतल्या कडीत मऊ कापडी पट्टी ओवावी. ती मनगटाने ओढता येते. भाड्याच्या गाडीत मागचा खिट्टा तपासून मगच निघावे.