रंग रापतो तो कसा, जातो तो कसा

उत्तरायणाला अख्खं वडोदरा गच्चीवर असतं. १४ जानेवारीला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पतंग, आणि दुसऱ्या दिवशी ‘वासी उत्तरायण’ म्हणून पुन्हा तेच. मराठी घरांतही तिळगूळ वाटून झाला की मंडळी फिरकी घेऊन वर पळतात. संध्याकाळी उतरताना चेहरे लालसर, किंचित काळवंडलेले दिसतात. पण खरा रापलेपणा दिसतो तो दोन-तीन दिवसांनी, पतंग माळ्यावर गेल्यानंतर. ऊन कधीच संपलेलं असतं, रंग मात्र अजून चढत असतो. मधल्या या दोन-तीन दिवसांत त्वचेत काय चाललेलं असतं?

लगेच दिसणारी झाक ही आधीच तयार असलेल्या मेलॅनिन या रंगद्रव्याची असते. उन्हानं त्यात रासायनिक बदल होतो एवढंच. नंतरचा रंग नव्यानं बनवावा लागतो, आणि बनवायचा तर आधी आज्ञा सुटावी लागते. अतिनील किरणांनी त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींच्या डीएनएला इजा होते. इजा झालेल्या पेशीत पी५३ नावाचं प्रथिन वाढतं आणि ते पीओएमसी हे जनुक चालू करतं. त्यावरून बनलेल्या प्रथिनाचा एक तुकडा संप्रेरक बनून शेजारच्या रंगपेशीपाशी, म्हणजे मेलॅनोसाइटपाशी पोहोचतो. तिथे एमआयटीएफ नावाचं जनुक कामाला लागतं, त्याचं प्रथिन टायरोसिनेजचं जनुक चालू करतं, टायरोसिनेज मेलॅनिन घडवतं आणि ते मेलॅनिन आसपासच्या पेशींत वाटलं जातं. एक रंगपेशी साधारण छत्तीस पेशींना रंग पुरवते. या साखळीतला पी५३ ते पीओएमसी हा दुवा २००७ मध्ये बोस्टनमध्ये डेव्हिड फिशर यांच्या गटानं दाखवून दिला. पी५३ म्हणजे कॅन्सरच्या अभ्यासकांचा जुना ओळखीचा पहारेकरी. तोच आपल्याला रापवतो, हे तेव्हा अनेकांना नवीन होतं.

जनुकावरून आरएनएची प्रत निघणं आणि त्या प्रतीवरून प्रथिन बनणं, या सगळ्या व्यवहाराला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. उत्तरायणानंतरचा तो उशीर या व्यवहाराला लागणारा वेळ आहे.

तांबड्या रक्तपेशींसारखे मोजके अपवाद सोडले, तर शरीरातल्या प्रत्येक पेशीत प्रथिनांची माहिती असलेली तीच जवळपास वीस हजार जनुकं असतात. टायरोसिनेजचं जनुक यकृताच्या पेशीतही आहे, पण तिथे ते आयुष्यभर मिटलेलं राहतं. यकृत यकृत असतं आणि त्वचा त्वचा असते ती कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद यामुळे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये एका साध्या जिवाणूवर हे सिद्ध केलं. आजूबाजूला दुधातली साखर असेल तरच तो जिवाणू ती पचवणारी प्रथिनं बनवतो. एरवी ती जनुकं दाबून ठेवलेली असतात. १९६५ चं नोबेल त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह मिळालं.

माणसात या चालू-बंद करण्याला केवढं महत्त्व आहे, ते पाहायला वडोदऱ्यापासून फार लांब जायला नको. पूर्वेचा छोटा उदेपूर जिल्हा २०१३ पर्यंत वडोदरा जिल्ह्याचाच भाग होता. तिथपासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. दोष हिमोग्लोबिनच्या एकाच जनुकात, एकाच अक्षराचा. आईच्या पोटात असताना बाळ वेगळं हिमोग्लोबिन वापरतं आणि त्या काळात हा दोष त्याला त्रास देत नाही. जन्मानंतर गर्भातल्या हिमोग्लोबिनचं जनुक मिटवलं जातं, ते मुख्यतः बीसीएल११ए या प्रथिनाच्या दाबानं. २००८ च्या सुमारास हे उलगडलं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या कॅसजेव्ही या उपचारात रुग्णाच्या रक्तमूळपेशींत हाच दाब सैल करतात. मूळ दोषाला हातही लावत नाहीत. झोपलेलं चांगलं जनुक उठवतात. किंमत मात्र २२ लाख डॉलर, त्यामुळे नर्मदाकाठच्या पाड्यासाठी आज तरी ती बातमीच आहे. तिथे उपयोगाची आहे हायड्रॉक्सियुरियाची स्वस्त गोळी, आणि तीही मुख्यतः गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवून काम करते.

सिकलसेलमध्ये निदान दोषी जनुक ठाऊक तरी आहे. कोडाचं तसं नाही.

कोडात त्वचेतल्या रंगपेशी मरतात आणि पांढरे डाग उमटतात. दुखत नाही, खुपत नाही, दुसऱ्याला लागत नाही. तरी स्थळं मोडतात, बहिणीचं लग्न अडतं, मुलगी बाराही महिने पूर्ण बाह्या घालते. २००६ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘नितळ’ हा चित्रपट याच विषयावर केला. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन ही संस्था तर कोड असलेल्यांना एकत्र आणण्याचं काम करत आली आहे. घराण्याचा दोष, मागच्या जन्माचं पाप, दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याचं फळ अशी कारणं मात्र अजूनही सांगितली जातात. यातलं घराणं तेवढं अर्धवट खरं आहे. जगभरातल्या अभ्यासांतून कोडाशी संबंध असलेल्या जनुकांच्या पन्नासएक जागा सापडल्या आहेत, आणि त्यांतली बहुतेक रोगप्रतिकार यंत्रणेशी निगडित आहेत. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोड असेल, तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एका मोठ्या पाहणीत अवघं २३ टक्के निघालं. जनुकं तंतोतंत तीच, तरी चारातल्या तीन जोड्यांत एकाची त्वचा नितळ. तेव्हा कोणती जनुकं वारशानं आली, एवढंच विचारून भागत नाही. ती कुठे, कधी आणि किती चालू झाली हेही मोजावं लागतं.

हे मोजण्याचं काम वडोदऱ्यात झालं आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात प्रा. रशिदुन्निसा बेगम यांच्या गटानं, आणि सर सयाजीराव जनरल हॉस्पिटलच्या, म्हणजे सगळ्यांच्या एसएसजीच्या, त्वचारोग विभागातल्या डॉ. योगेश मारफतिया यांच्या साथीनं. विद्यापीठही सयाजीरावांच्या नावाचं, रुग्णालयही त्यांच्याच. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या माणसाचं रक्त जवळच्याच प्रयोगशाळेत पोहोचावं, ही सोय ऐकायला किरकोळ वाटते. पण आरएनए हा फार नाजूक पदार्थ आहे. आपल्या बोटांवरही तो तोडणारी विकरं असतात. हातमोज्यांशिवाय हाताळला किंवा उबेत राहिला तर तो गेला. अशा अभ्यासाचं यश पुष्कळदा नमुना किती लवकर थंड झाला यावर ठरतं.

मोजायची रीत तुमच्या ओळखीची आहे. कोविडच्या काळात ज्या आरटी-पीसीआरनं घराघरात भीती पसरवली, तीच. रक्तातल्या पांढऱ्या पेशींतून आरएनए काढायचा, त्यावरून डीएनए उलटा लिहून घ्यायचा आणि हव्या त्या जनुकाच्या प्रती यंत्रात वाढवत न्यायच्या. दर चक्राला प्रती दुप्पट होतात. म्हणून एका नमुन्यात खूण तीन चक्रं आधी उमटली, तर त्यात मुळात आठपट आरएनए होता असा हिशेब निघतो. पण एका नळीत मुळातच जास्त रक्त पडलं असेल तर? त्यासाठी सोबत जीएपीडीएच हे जनुक मोजतात. साखरेपासून ऊर्जा मिळवण्याच्या रोजच्या कामात ते लागतं, त्यामुळे साधारण सगळ्या पेशींत सारखंच चालू असतं. प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा.

वडोदऱ्याच्या गटानं २००७ मध्ये गुजरातमधल्या रुग्णांतल्या कॅटलेज आणि ग्लुटाथायोन परॉक्सिडेज यांच्यावर काम प्रसिद्ध केलं. पेशीत तयार होणारी दाहक, जळजळीत रसायनं निवळवणारी ही विकरं. पुढे लक्ष रोगप्रतिकार यंत्रणेकडे वळलं. २०१२ मध्ये नरेश लड्ढा आणि सहकाऱ्यांनी टीएनएफ-अल्फा या दाह पेटवणाऱ्या प्रथिनाचा अभ्यास छापला, हजाराच्या आसपास रुग्ण आणि तेवढेच निरोगी लोक घेऊन. रुग्णांत या जनुकाच्या आरएनएच्या प्रती जास्त होत्या, प्रथिनही जास्त होतं, आणि डाग पसरत असलेल्यांत ते स्थिर डाग असलेल्यांपेक्षाही वाढलेलं होतं. २०१३ मध्ये मितेश द्विवेदी आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू दाखवली. रोगप्रतिकार पेशींना आवरणाऱ्या, ‘पुरे आता’ असं सांगणाऱ्या टी-पेशी कोडाच्या रुग्णांत कमी भरल्या.

मला यातला पसरत्या आणि स्थिर डागांमधला फरक सर्वांत मोलाचा वाटतो. वारशानं आलेलं जनुक डाग पसरताना आणि थांबल्यावर तेच असतं. बदलते ती अभिव्यक्ती.

२०१४ मध्ये याच गटानं थेट त्वचेचे तुकडे तपासले. शोएब मन्सुरी आणि सहकाऱ्यांनी त्यांत सूक्ष्म आरएनए मोजले. हे आरएनए स्वतः प्रथिन बनवत नाहीत. दुसऱ्या जनुकांच्या आरएनएला चिकटून त्यांचं प्रथिन बनू देत नाहीत. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना १९९३ मध्ये एका इवल्याशा कृमीत त्यांचा सुगावा लागला, आणि २०२४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. कोडाच्या रुग्णांच्या त्वचेत काही सूक्ष्म आरएनएंचं प्रमाण निरोगी त्वचेपेक्षा वेगळं निघालं.

इथे जरा थांबायला हवं. आकडा वाढलेला सापडला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. आग लागलेल्या ठिकाणी बंब नेहमी दिसतात, म्हणून बंबांनी आग लावली असं कोणी म्हणत नाही. शिवाय रक्त काढणं सोपं, पण रोग त्वचेत आहे. कारण ठरवायचं तर एक दुवा तोडून साखळी थांबते का हे पाहावं लागतं.

ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन हॅरिस यांच्या गटानं उंदरांवर केलं. कोडातल्या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. तो त्वचेच्या पेशींना चिकटला की आत जेएके नावाची विकरं तो निरोप केंद्रकापर्यंत पोहोचवतात आणि तिथे सीएक्ससीएल१० हे जनुक चालू होतं. त्याचं प्रथिन आणखी टी-पेशींना त्याच जागी बोलावतं, आणि त्या आल्या की इंटरफेरॉन आणखी वाढतो. हा फेरा सुटत नाही म्हणून डाग वाढत जातो. २०१४ च्या त्यांच्या निबंधात सीएक्ससीएल१० रोखल्यावर उंदरांचा रंग जाणं थांबलं, एवढंच काय, गेलेला रंग परतू लागला.

मग जेएके अडवणारी औषधं कोडावर वापरून पाहणं ओघानंच आलं. अस्थिमज्जेच्या आजारासाठी आधीपासून असलेलं रक्सोलिटिनिब मलमाच्या रूपात आलं आणि जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी मान्य झालं. दोन मोठ्या चाचण्यांत २४ आठवड्यांनी सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचे डाग तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भरून आले. औषध नसलेलं मलम लावलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. ३० टक्के म्हणजे जादू नव्हे. पण खास कोडाचा रंग परत आणण्यासाठी तिथे मान्य झालेलं हे पहिलंच औषध, आणि ते जनुकांकडे जाणारा निरोप अडवून काम करतं.

मलम थांबवलं की काहींचे डाग त्याच जागी परततात. त्वचेत ठाण मांडून बसलेल्या स्मृती टी-पेशी कुठे जात नाहीत. मलमानं त्यांची हाक पोहोचत नाही, एवढंच. त्या पेशींना तिथून कसं हुसकवायचं, हा आजचा संशोधनाचा प्रश्न आहे.

जुन्या उपायांबद्दल दोन शब्द. बावचीच्या बियांत सोरालेन असतं आणि ते लावून ऊन घेण्याची आपल्याकडची रीत निराधार नव्हती. पुढे दवाखान्यांत आलेली सोरालेन आणि अतिनील किरणांची उपचारपद्धती त्याच तत्त्वावर बेतली गेली. आज बहुतेक ठिकाणी सोरालेन न देता ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश देतात. त्यानं केसांच्या मुळाशी दडलेल्या रंगपेशींच्या मूळपेशी कामाला लागतात. म्हणून रंग परततो तो केसांभोवतीच्या ठिपक्यांनी, आणि म्हणूनच बिनकेसांच्या बोटांच्या टोकांवर किंवा केसही पांढरे झालेल्या डागांवर तो सहसा परतत नाही. बावचीचं तेल घरी अंदाजानं लावून दुपारच्या उन्हात बसलं तर मात्र त्वचा भाजते आणि फोड येतात.

नवा डाग दिसला किंवा जुना पसरू लागला, तर पथ्यांच्या याद्या शोधण्यात आणि दूध-मासे सोडण्यात महिने घालवू नका. रंगपेशी शिल्लक असतात तेव्हाच उपचाराला हाताशी काहीतरी असतं. त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जा, आणि घरात स्थळ पाहणं चालू असेल तर जुळ्यांचा तो २३ टक्क्यांचा आकडा समोरच्यांना नक्की सांगा.