घोड्यांचीही बेगमी

मैत्रिणींनो, मार्च उजाडला की आपल्या घरात कशाची घाई सुरू होते, हे मी तुम्हांला सांगायला नको. वर्षाचे गहू-तांदूळ भरायचे, तूरडाळीला उन्हं दाखवायची, तिखट कुटायचं, पापड-कुरडया गच्चीवर घालायच्या. पावसाळ्याची बेगमी! ज्या बाईने ती वेळेवर केली, ती आषाढात निवांत असते. जिची राहिली, ती भर पावसात वाण्याकडून किलो-किलोने महागाचं आणि कोंदट धान्य आणत बसते.

अशीच बेगमी काही घरांत घोड्यांसाठीही करावी लागते, हे कधी तुमच्या मनात आलंय? आपण मुलांना घेऊन पाचगणीला जातो, टेबललँडवर घोड्याची एक फेरी मारतो, भावात थोडी घासाघीस करतो आणि खाली उतरतो. तो घोडा जुलै-ऑगस्टमध्ये काय खात असेल, याचा विचार करण्याचं आपल्याला कारणच पडत नाही. पण ज्या घरची चूल त्या घोड्याच्या पाठीवर चालते, त्या घरच्या बाईला मात्र तो विचार फेब्रुवारीपासून करावा लागतो.

मी वाईला राहते. घर सांभाळून अर्धवेळ शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी पाचगणीला दोन घोड्या आहेत. तिचे वडील घोड्यांमागे हिंडतात. हिशेब मात्र आईकडे. गेली दोन वर्षं या ताईंबरोबर वही-पेन्सिल घेऊन बसताना वैरणीच्या खरेदीबद्दल जे शिकायला मिळालं, ते तुम्हांला सांगावंसं वाटतं. दारात घोडा नसला, तरी यातलं पुष्कळसं आपल्या कोठीघरालाही लागू पडतं, पाहा.

आधी गरज मोजा

घोड्याला त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडी वैरण रोज लागते. आपल्याकडचं मध्यम चणीचं घोडं तीनशे किलोच्या आसपास धरलं, तर दिवसाला सहा किलो. दोन घोड्यांना बारा. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. म्हणजे १४६४ किलो. पायाखाली तुडवलेली, भिजून वाया गेलेली दहा टक्के धरली, की झाले सोळाशे किलो!

हे चारच महिने का, असं तुम्ही विचाराल. कारण या महिन्यांत डोंगरावर पाऊस कोसळतो. शेजारच्या महाबळेश्वरला तर वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पडतो. धुक्यात प्रवासी फारसे नसतात, म्हणजे मिळकत थांबते. घोड्याचं पोट मात्र थांबत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत हातात आलेला पैसा मे संपण्यापूर्वी वैरणीत घातला नाही, तर तो इकडे-तिकडे जातो आणि जुलैत उसनवारीची वेळ येते.

काम नसलेल्या दिवसांत काटकसर करायची, तर ती चंदीत, म्हणजे हरभरा-भरड्यात करावी. वैरणीत नव्हे. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान असतं. त्याला थोडं थोडं, पण दिवसभर चघळायला लागतं. वैरण तोडली की पोट बिघडलंच म्हणून समजा.

कोणती वैरण?

आमच्या भागात घोडेवाल्यांचा मुख्य आधार म्हणजे शाळूचा कडबा. रब्बीची ही ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. कोरड्या हवेत वाळते, त्यामुळे कडबा स्वच्छ राहतो. खरिपाचा कडबा काढणीच्या वेळी पावसात सापडला की काळा पडतो. तो स्वस्त मिळतो तो त्यामुळेच. चांगल्या कडब्याला थोडी हिरवट छटा असते, पाला धरलेला असतो आणि वास गोडसर येतो. ताट मोडून पाहावं. कट्‌कन मोडलं पाहिजे, आतला गाभा पांढरा हवा. मात्र कोवळी हिरवी ज्वारी, विशेषतः पावसाने ताण दिलेली, कुणी फुकट दिली तरी घेऊ नये. ती विषारी असते, गुरांनाही आणि घोड्यांनाही.

दुसरं डोंगरी गवत. दसरा-दिवाळीच्या सुमारास, फुलोऱ्यात असताना कापलेलं उत्तम. उशिरा कापलेल्या गवतात कुसळं फार. ती घोड्याच्या हिरड्यांत रुततात, तोंडाला जखमा होतात आणि जनावर खाणंच सोडतं.

भाताचा पेंढा स्वस्त खरा, पण त्यात कस कमी. तो घोड्याच्या पायाखाली अंथरायला बरा. उसाचे वाढेही हंगामात स्वस्त मिळतात. पण त्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम अंगी लागू देत नाही. म्हणून वाढ्यांवरच भागवणं नको. लसूणघास पौष्टिक, पण तो आपल्या ताटातल्या चटणीसारखा, थोडाच.

आणि एक लक्षात ठेवा. वैरण बदलायची ती एका दिवसात बदलू नये. आठ-दहा दिवस जुन्यात नवी थोडी थोडी वाढवत न्यावी.

पेंढी नको, किलो विचारा

खरी गंमत इथे आहे. कडबा शेकड्याच्या भावाने विकतात. शंभर पेंढ्यांचे इतके रुपये. आता पेंढी केवढी, हे कुणी सांगत नाही! समजा, एक व्यापारी शेकड्याला २००० रुपये सांगतो आणि दुसरा १६००. कुणीही दुसऱ्याकडेच जाईल. पण पहिल्याची पेंढी सव्वा किलोची आणि दुसऱ्याची आठशे ग्रॅमची असेल तर? पहिला कडबा पडला १६ रुपये किलो आणि ‘स्वस्त’ कडबा २० रुपये किलो! सोळाशे किलोंवर हा फरक होतो ६४०० रुपये. हे आकडे मी हिशेब समजावा म्हणून घेतलेत. तुमच्या गावचे भाव घालून करून पाहा.

आमच्या ताई आता जाताना पिशवीत साधा ताणकाटा घेऊन जातात. गंजीच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या मिळून दहा पेंढ्या काढायला लावतात, वजन करतात, सरासरी काढतात आणि मगच भाव बोलतात. व्यापारी पहिल्यांदा हसला. ताई म्हणाल्या, “बाई, हसू दे की. आपण सोनं घेताना काटा बघतो, मग वैरणीला का लाजायचं?”

पेंढी जड लागली, तरी ती ओलीमुळे जड नाही ना, हे हात खुपसून पाहावं. पाण्याचे पैसे कशाला द्यायचे? शिवाय ती ओल पुढे बुरशी होऊन घरात येते, ते वेगळंच.

वाहतूक: भावात न दिसणारा भाव

वैरण हलकी आणि जागा खाणारी. गाडी भरलेली दिसते, वजन मात्र थोडंच असतं. भाडं खेपेवर असतं, म्हणून एका खेपेत किती किलो आले यावर सगळं गणित. भाडं ३२०० रुपये धरा. सैल भरून ५०० किलो आले, तर किलोमागे ६ रुपये ४० पैसे. नीट रचून ८०० किलो आले, तर ४ रुपये. यंत्राने दाबून बांधलेले गवताचे गठ्ठे मिळाले, तर तेवढ्याच जागेत जास्त माल मावतो. भाव थोडा चढा असला, तरी भाड्यात भरून निघतो. मात्र एखादा गठ्ठा सोडून आतून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

भाडं वाचवण्याची एक युक्ती ताईंनी काढली, ती मला फार आवडली. स्ट्रॉबेरीच्या हंगामात पाचगणी-महाबळेश्वरहून फळं उतरवायला गाड्या वर जातात, त्या पुष्कळदा रिकाम्या किंवा नुसते मोकळे क्रेट घेऊन. हंगाम एप्रिलपर्यंत आणि शाळूचा कडबा निघतो तोही त्याच सुमारास. ओळखीच्या गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवलं, तर वर जाताना तो कमी भाड्यात माल नेतो. शेजारच्या दोन-तीन घोडेवाल्यांनी मिळून माल घेतला, तर खेप पूर्ण भरते आणि हमालीही वाटली जाते.

पण लोभापायी उंच रचू नये, बरं का! पसरणीच्या घाटात एकेक वळण अंगावर येतं. वर जड भार झाला की गाडी कलंडते, विजेच्या तारेला लागण्याची भीती असते. माल गाडीच्या बाहेर लोंबू देऊ नये, दोन्ही बाजूंनी दोर आवळावेत, वरून ताडपत्री बांधावी आणि मालावर माणूस बसवू नये. गाडीत विडी-सिगारेट ओढू नये, हे तर सांगायलाच नको.

साठवण

आपण धान्याची कोठी जशी भिंतीपासून दूर, पाटावर ठेवतो, तशीच वैरणही. खाली विटा आणि फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर, वर न गळणारं छप्पर. प्लास्टिक चहूबाजूंनी घट्ट गुंडाळू नये. आतल्या आत घाम सुटतो. पहिले काही आठवडे मधूनमधून गंजीत हात घालून पाहावा. आत गरम लागलं, तर ओल राहिली आहे. गंज ताबडतोब सोडून पसरावी. अशा ओल्या गंजीला आतूनच आग लागू शकते.

आगीवरून आठवलं. छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या दळवटणे इथल्या लष्कराला लिहिलेलं एक पत्र आहे, १६७०च्या दशकातलं. त्यात पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण जपून पुरवा, आत्ताच उधळलीत तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, असं बजावलं आहे. गवताजवळ विस्तव नको, रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत सूचना आहेत! एवढ्या मोठ्या राजाला उंदराने ओढलेल्या वातीची काळजी होती. मग आपण आपल्या कोठीघराच्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष घातलं, तर त्यात कमीपणा कसला?

स्वस्ताची किंमत

हे सगळं ताईंनी कशातून शिकलं, तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टात त्यांची वैरण संपली. एका व्यापाऱ्याकडून निम्म्या भावात कडबा आणला. वरच्या पेंढ्या चांगल्या, आतल्या काळ्या. घरात पैसे नव्हते, म्हणून झाडून-झटकून तोच घातला. तिसऱ्या रात्री थोरली घोडी पोट दुखून लोळू लागली. घोड्याला आपल्यासारखी उलटी होत नाही. पोटात गेलेलं वाईट बाहेर टाकण्याची सोय देवाने त्याला दिलेली नाही. गाय-म्हैस ज्यातून एखादे वेळी निभावते, त्यात घोडं दगावतं. पावसात रात्रभर घोडीला हळूहळू चालवत ठेवलं, पहाटे डॉक्टर पोचले. घोडी वाचली, पण महिनाभर उभी राहिली. कडब्यात वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट उसने घ्यावे लागले, आणि थोरल्या मुलीची पुढच्या वर्गाची पुस्तकं दिवाळीनंतर आली.

म्हणून घोडं पोट दुखल्यासारखं करू लागलं, सारखं कुशीकडे पाहू लागलं, लोळू लागलं, लीद बंद झाली, तर घरगुती औषधात वेळ न घालवता पशुवैद्यांना बोलवावं. आणि बुरशीची पेंढी कितीही जड जिवाने का होईना, उकिरड्यावर टाकावी. ती धुऊन, उन्हात घालून चांगली होत नाही. धुळकट पण बिनबुरशीची वैरण असेल, तर मात्र घालण्याआधी पाणी शिंपडून द्यावी, म्हणजे घोडं खोकत नाही.

यंदा ताईंच्या गोठ्यात वैशाख संपायच्या आत सोळाशे किलो वैरण लागली. पेंढ्यांचं वजन, भाडं, हमाली, सारं वहीत तारीखवार लिहिलेलं आहे, आणि ही बेरीज आता त्यांची मुलगी करते.

तुम्ही पुढच्या वेळी डोंगरावर जाल, मुलाला घोड्यावर बसवाल, तेव्हा भाव जरूर करा. गृहिणीचा तो हक्कच आहे. पण दहा-वीस रुपयांसाठी फार ताणू नका. त्या फेरीच्या पैशांत श्रावणातल्या एका दिवसाची वैरण असते.