रानपिंगळा आणि बुद्धाची कसोटी

किल्लारी परिसरात पिंगळा कुणाला ठाऊक नाही? बांधावरच्या झाडाच्या ढोलीत, पडक्या भिंतीच्या खबदाडात तो राहतो. तो ओरडला की अपशकुन, असे समजून पोरे त्याला दगड मारतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमची गावे जमीनदोस्त झाली ती भूगर्भातील हालचालीमुळे. त्यात कुठल्याही पाखराचा दोष नव्हता. उलट शेतातले किडे-उंदीर खाणारा पिंगळा शेतकऱ्याचा मित्रच आहे.

याच पिंगळ्याचा एक भाऊबंद सातपुड्याच्या डोंगरातील सागवानी जंगलात राहतो. त्याचे नाव रानपिंगळा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. दिवसाउजेडी तो सरडे, उंदीर टिपतो. १८७३ साली ए. ओ. ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. १८८४ नंतर मात्र हा पक्षी दिसेनासा झाला.

मग मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपण तो मिळवल्याचा दावा केला. साहेब मोठा, म्हणून जगाने मान डोलावली. अमेरिकेच्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी मात्र त्याचा नमुना तपासला. तो जुन्या संग्रहातून चोरून, नवी चिठ्ठी लावलेला निघाला! ही खोटी नोंद बाजूला सारून त्यांनी सहकाऱ्यांसह जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला, तब्बल ११३ वर्षांनी! पुढे तो तोरणमाळ व मेळघाटातही आढळला.

कोणी मोठा सांगतो किंवा परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. रानपिंगळ्याचा शोध या कसोटीवरच लागला. अपशकुनाच्या कल्पनेलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

सम्राट अशोकाने स्तंभलेखात अनेक पशुपक्ष्यांना अभय दिले आणि विनाकारण जंगल जाळू नये, अशी आज्ञा कोरून ठेवली. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण वंदनेपुरती म्हणायची काय?

आजही रानपिंगळा संकटग्रस्तच आहे. जंगलतोडीने त्याच्या ढोली जातात, अंधश्रद्धेने जीव जातो. सातपुडा आपल्यापासून दूर आहे, पण आपल्या बांधावरचा पिंगळा जवळ आहे. मातांनो, पोराच्या हातातला दगड आजच खाली ठेवायला लावा. धम्माचा पहिला धडा तिथूनच सुरू होईल.