लवंगेचं तेल आणि पोटातला व्रण

तोंड आलं की लवंगेचं तेल लावा, पोटात आग पडली की ओव्याचा अर्क घ्या, असं सांगणारं कुणीतरी घरोघरी असतंच. सल्ला अगदीच निराधार नसतो. फक्त किती घ्यायचं, हे सांगणारा सहसा भेटत नाही.

लवंगेच्या तेलात सत्तर टक्क्यांहून अधिक युजेनॉल असतं. दातांचे डॉक्टर ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून किडक्या दातात तात्पुरतं भरतात, कारण त्याने नस बधिर होते आणि ठणका बसतो. शरीरात सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स ज्या एन्झाइममुळे तयार होतात, त्यालाही युजेनॉल अडवतं. अ‍ॅस्पिरिन नेमकं हेच करतं, आणि गोम इथेच आहे. हीच प्रोस्टाग्लँडिन्स जठराच्या अस्तरावरचा बुळबुळीत संरक्षक थर टिकवून धरतात. म्हणून तर वेदनाशामक गोळ्यांचा मारा झाला की अल्सर होतो. मग युजेनॉलनेही तो व्हायला हवा ना? उंदरांवरच्या प्रयोगांत मात्र उलटंच दिसलं: हा थर वाढला आणि व्रण कमी झाले.

अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. पूर्वी सगळा दोष तिखटावर आणि काळजीवर जायचा. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉ. बॅरी मार्शल यांनी हे जिवाणू चक्क पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणली. या शोधासाठी २००५ मध्ये त्यांना सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळालं. युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत या जिवाणूची वाढ रोखतात. पण बशीत आम्ल नसतं, अन्न नसतं, आणि लपायला तो बुळबुळीत थरही नसतो. त्यामुळे उपचार आजही अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या यांचाच.

माणसांवरचा त्यातल्या त्यात भक्कम पुरावा पेपरमिंट तेलाचा आहे, तोही अल्सरसाठी नव्हे, तर आतड्याच्या मुरड्यासाठी, म्हणजे आयबीएससाठी. त्याची कॅप्सूल मुद्दाम आतड्यात पोचल्यावर विरघळेल अशी बनवतात. जठरातच फुटली, तर अन्ननलिकेच्या तळाची झडप सैलावते आणि छातीतली जळजळ वाढते. पित्ताचा त्रास असणाऱ्याने म्हणूनच हे तेल जपून घ्यावं.

आता प्रमाण. ओव्यात तेल असतं दोन ते चार टक्के. चिमूटभर ओवा चघळणं वेगळं आणि बाटलीतलं निव्वळ तेल जिभेवर टाकणं वेगळं. असं तेल तोंडातल्या नाजूक त्वचेला भाजतं. आधीच आलेलं तोंड आणखी सोलवटतं. लहान मुलाच्या पोटात चमचा-दोन चमचे लवंगेचं तेल गेल्याने यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशीच ठेवा.

आणि तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, विशेषतः तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्याचा, किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर कुठलंच तेल न शोधता थेट डॉक्टरकडे जा.